थकीत कथांचे नाना

नानांनी आयुष्यात एकही कथा शेवटपर्यंत वाचलेली नाही, आणि सांगली-मिरज पट्ट्यातल्या निम्म्या कथालेखकांची अप्रकाशित वाङ्मयसंपदा आज त्यांच्या लोखंडी कपाटात आहे. "शेवटपर्यंत कशाला वाचायची?" ते विचारतात. "कर्ज देताना आम्ही काय माणसाचं आत्मचरित्र वाचत होतो? तारण बघायचं, जामीनदार बघायचे, सही बघायची."

नाना एका सहकारी बँकेतून वसुली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सकाळी सहाला लोकांच्या दारात मोटरसायकल उभी करण्यात गेलेली. अशा माणसाला निवृत्तीनंतर सकाळी सहाचं करायचं काय, हा प्रश्न पडतो. ते एकदा हास्यक्लबात गेले. तिथे दोन जुने थकबाकीदार होते. त्यांना नानांकडे बघून हसू येईना. मग नाना वाचनालयात येऊन बसू लागले आणि तिथे त्यांना साभार परत आलेल्या कथेचा शोध लागला.

ती कथा माझी होती. एका वाङ्मयीन त्रैमासिकाने परत पाठवलेली. पाकिटावरचा पत्ता माझ्याच अक्षरात, तिकीटही मीच लावलेलं. आपल्या नकाराचा टपालखर्च आपणच आगाऊ भरायचा, ही मराठी नियतकालिकांची जुनी रीत. ईमेल आल्यापासून ती बरीचशी मोडली, पण काही जण अजून निष्ठेने पाळतात. नानांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या पाकिटाकडे आदराने बघत राहिले.

"म्हंजे जप्तीचा खर्च कर्जदाराकडनंच? आणि तोही आधी? मास्तर, असला संपादक आमच्या बँकेला पाहिजे होता." मग त्यांनी विचारलं, "पाठवून किती दिवस झाले?"

"होतील सात-आठ महिने."

"एनपीए," असं म्हणून नानांनी खिशातलं पेन काढलं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक होतं. पहिलं वर्षभर ते दुय्यम, त्यानंतर संशयित, आणि सगळ्यांनीच आशा सोडली की बुडीत. नानांनी ही प्रतवारी जशीच्या तशी मराठी कथेला लावली. नव्वद दिवसांत उत्तर नाही, ती दुय्यम. दोघा संपादकांनी परत केलेली, ती संशयित. जिची चौकशी करायचं लेखकाच्या बायकोनेही सोडून दिलं, ती बुडीत. पण बुडीत खात्यातली कथासुद्धा नाना निर्लेखित करू देत नाहीत. "परत आली म्हंजे काय झालं? एका गिऱ्हाइकानं माल घेतला नाही. बाजार बंद झाला काय?"

त्यांची वही आडवी, लाल कापडी बांधणीची, खतावणीची. कथेचं नाव, शब्दसंख्या, रवानगी, पोच, नकार, पुन्हा रवानगी, मानधन ठरलं, मानधन आलं, आणि शेवटी शेरा. आमच्यापैकी कुणाच्याही कथेपेक्षा नानांचा शेऱ्याचा रकाना वाचनीय आहे, हे मी द्वेष न ठेवता सांगतो. एका मासिकापुढे ओळीने नोंदी आहेत: 'संपादक गावी गेले आहेत.' 'संपादक अजून गावीच.' 'संपादकांचे गाव कोणते याची चौकशी चालू.'

दिवाळी अंक नाना मागून वाचतात. आधी मलपृष्ठ. तिथे मोठ्या बँकेची नाहीतर सराफाची रंगीत जाहिरात असली तर अंक पैसे देण्याच्या लायकीचा. बिल्डर असला तर 'आज आहे, उद्याचं सांगता येत नाही.' आत पानंच्या पानं पतसंस्थांच्या शुभेच्छांची असली तर नाना त्या पतसंस्थांची नावं वाचतात आणि कधी हसतात, कधी चुकचुकतात. 'एका हितचिंतकाकडून' अशी चौकट दिसली की अंक खाली ठेवतात. निवडणुकीच्या वर्षी मात्र इच्छुकांचे हात जोडलेले फोटो मोजून ते आम्हाला सांगतात, "यंदा लांबलचक लिहा. कागद भरपूर आहे." यात त्यांचं काही चुकत नाही. दिवाळी अंक विक्रीपेक्षा जाहिरातींवर उभा राहतो, आणि कथेला मिळणारे पैसे हे तिच्या शेजारच्या पानावर काय छापलंय यावरच पुष्कळदा ठरतात. समीक्षकांनी कथेचा अनेक अंगांनी विचार केला, पण शेजारच्या पानाचा केला नाही.

मलपृष्ठानंतर मालकी. नियतकालिकांच्या मार्चच्या अंकात 'नमुना ४' नावाची एक रुक्ष चौकट वर्षानुवर्षं छापून येत असे: प्रकाशन कुठे होतं, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाकुणाचं. वाचकांपैकी ती कुणी वाचल्याचं मला माहीत नाही. नाना वाचायचे. मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक या चारी ठिकाणी एकच नाव असलं तर त्यांचा चेहरा पडायचा. "जामीनदार नाही हो एक पण. हा माणूस गावाला गेला की सगळंच गावाला गेलं."

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा हे खरिपाचं पीक झालं. हे वाक्य मूळचं माझं. नानांना आवडल्यामुळे आता ते त्यांचं आहे. एप्रिल-मेमध्ये संपादकांची निमंत्रणं निघतात, जून-जुलैत कथा जातात, गणपतीच्या सुमारास जाहिरातींची पळापळ असते आणि मानधनाचं 'दिवाळीनंतर बघू' असतं. दिवाळीनंतर कधी, हे कुणीच सांगत नाही. नानांनी त्याला तारीख दिली: ३१ मार्च. "मार्चएंड सगळ्या हिंदुस्थानाला आहे. साहित्याला का नाही?"

माझ्या त्या पहिल्या कथेचं नाव होतं 'घाट'. कृष्णेच्या घाटावर एक म्हातारा येऊन बसतो. बसतो, आणि बसतो. संपादकांनी लिहिलं होतं: 'अनुभव प्रामाणिक आहे, परंतु घाट सापडलेला नाही.' हे पत्र नानांच्या हाती लागलं आणि ते भडकले. "सापडला नाही? सांगलीत येऊन कुणालाही विचार म्हणावं. माईघाट आहे, सरकारी घाट आहे. पत्ता टाकला नव्हता काय तुम्ही?" कथेचा घाट म्हणजे वेगळं काही, हे मी त्यांना सांगत बसलो नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग तसं स्पष्ट लिहायला काय झालं होतं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांना जुना जमाना ऐकवावा म्हणून एकदा 'सत्यकथे'च्या गोष्टी सांगितल्या. गिरगावातली खटाववाडी, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, कथा परत करतानाही पानंच्या पानं लिहिलेली त्यांची पत्रं, ती जपून ठेवणारे लेखक, आणि त्याच 'सत्यकथे'ची होळी करणारे १९६९चे तरुण. नाना मन लावून ऐकत होते. मला वाटलं, काहीतरी आत उतरतंय.

"एवढं मोठं पत्र लिहायचं, आणि सोबत चेक नाही?"

"कथा नाकारली होती, नाना."

"मग पत्र कशाला? आणि १९८२ला मासिक बंद पडलं म्हणता. पडणारच की. एका खात्यावर एवढा वेळ घालवला तर शाखा चालंल काय?"

नानांची रवानगी हा वेगळा प्रकार होता. बँकेच्या सवयीने त्यांनी आमच्या कथा रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवायला सुरुवात केली. वकिलाची नोटीस जशी येते, तशी. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात लाल शाईत 'आर.पी.ए.डी.' आणि खाली दोन रेघा. पुण्याच्या एका संपादकांनी पाकीट घेण्याआधी भावाला फोन करून वडिलोपार्जित जागेची चौकशी केली म्हणतात. आत प्रेमकथा निघाली तेव्हा सुटकेच्या भरात त्यांनी ती लगेच स्वीकारली. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, त्या दिवशी नाना वाचनालयात आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा एवढंच म्हणाले, "आता लोक घाबरायचे कुणाला?"

खरं कसब मात्र पुढचं. एका बाजारात न खपलेला माल दुसऱ्या बाजारात नेताना नाना त्याला हात लावल्याशिवाय सोडत नाहीत. कथा ते वाचत नसले तरी ऐकतात. उभ्या उभ्या, जबाब घेतल्यासारखी. 'घाट' ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "म्हातारा बसलाय. पुढं?"

"पुढे काही नाही. तो एकटा आहे."

"कुणी बोलत नाही त्याच्याशी?"

"नाही."

"का?"

मी काहीतरी महानगरीय तुटलेपणाबद्दल बोललो. सांगलीत ते जरा जड गेलं. नाना म्हणाले, "मेलेला आहे म्हणून कुणी बोलत नाही, असं करा. शेवटी सांगा. आधी सांगू नका." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी शेवटचा परिच्छेद बदलला. 'नवल', 'धनंजय' यांच्यामुळे मराठीत गूढ आणि रहस्याचा वाचक पिढ्यानपिढ्या टिकून आहे. तसल्याच एका वार्षिकाने कथा घेतली, छापली आणि पैसेही पाठवले. चित्रकाराने म्हाताऱ्याचे पाय काढले नव्हते, हे मला विशेष वाटलं. त्रैमासिकाच्या संपादकांनी त्यानंतर मला एका समारंभात ओळख दिली नाही.

तोच म्हातारा पुढे आकाशवाणीवर गेला. सांगली केंद्रावर नानांचा फार जीव. करार आधी येतो, त्यावर रक्कम लिहिलेली असते आणि खाली सही करायची जागा असते. साहित्यात यापेक्षा सुंदर कागद नानांनी पाहिलेला नाही. दहा मिनिटांचं वाचन म्हणजे फार तर बाराशे शब्द. नदीच्या रंगावरचे माझे तीन परिच्छेद गेले, म्हाताऱ्याची बालपणीची आठवण गेली, आणि कंपनीचं नाव रेडिओवर चालत नाही म्हणून त्याच्या पिशवीतला बिस्किटाचा पुडाही बिननावाचा झाला. मूळ कथेपेक्षा ही बरी होती, असं माझं आजही मत आहे. ते मी नानांना सांगितलेलं नाही.

यानंतर नानांना आवरणं कठीण झालं. 'बालभारती'चं 'किशोर' १९७१पासून निघतं, मागे सरकार उभं आहे, म्हणजे जामीनदार भक्कम. तेव्हा म्हाताऱ्याला नातू जोडा आणि नदीत कासव सोडा. महिलांच्या मासिकासाठी म्हातारी करा. ज्योतिषाचा दिवाळी अंक आहे ना, मग त्याला साडेसाती लावा. नाहीतरी घाटावर बसण्याइतका वेळ दुसऱ्या कुणाला असतो? एका ॲपवर धारावाहिक कथेला भागांप्रमाणे पैसे मिळतात असं त्यांना नातवाकडून कळलं. "म्हातारा बसला, इथं पहिला भाग संपवा. उठणार एवढ्यात, दुसरा." उठला कधी, हे ते शंभराव्या भागावर ठेवणार होते. मी म्हटलं, एवढ्यात खरोखरच मरेल तो.

मध्येच त्यांना कुणीतरी जयंत नारळीकरांची हकिगत सांगितली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या विज्ञानकथा स्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने धाडली, म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या कुणीही यातून नारळीकरांचा संकोच पाहिला असता. नानांनी पद्धत पाहिली. पुढचा महिनाभर त्यांच्या सगळ्या लेखकांची नावं उलटी होती आणि बायका रात्री बारापर्यंत फुलस्केपवर लिहीत होत्या. एका वहिनींनी नकलताना नायिकेची सासू परस्पर सुधारली. ती कथा लागली.

नानांच्या खात्यात सगळेच माझ्यासारखे नाहीत. मिरजेच्या एका परिचारिकाबाईंनी रात्रपाळीवर लिहिलेली कथा त्यांनी एकदाच, एकाच ठिकाणी पाठवली. आठवड्यात होकार, दिवाळीपूर्वी पैसे. मी ती वाचली आहे. आमच्यापैकी कुणालाही जन्मात तशी जमणार नाही. नाना मात्र खट्टू होते. "रेग्युलर खातं आहे ते. आपलं आपण भरतंय. त्यात वसुलीचं काय कौशल्य?"

त्यांचा खरा राग आहे तो उलट्या वसुलीवर. कथास्पर्धेला प्रवेशशुल्क, प्रातिनिधिक संग्रहात कथा यावी म्हणून सहयोग रक्कम, वर दहा प्रती विकत घेण्याचं बंधन, आणि या सगळ्याबद्दल जिल्ह्याच्या गावी सभागृहात शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. माझ्या शोकेसमध्ये काचेची, लाकडाची आणि पितळ वाटावं अशा धातूची बरीच सन्मानचिन्हं आहेत. नाना आले की त्यांच्याकडे पाठ करून बसतात. "कर्जदारानंच बँकेकडनं हप्ता घेतलेला बघितलाय काय कुठं?" मानधनाऐवजी अंकाची लेखकप्रत देणाऱ्यांचाही त्यांनी एकदा सोक्षमोक्ष लावला: प्रत रद्दीवाल्याकडे नेली, वजन करून घेतलं, आलेली रक्कम वहीत जमा केली आणि उरलेल्या येण्यासाठी संपादकांना पत्र टाकलं.

ती पत्रं! 'विषय: आपणांकडून येणे असलेले मानधन. संदर्भ: आपला दिवाळी अंक, पृष्ठ ११४ ते १२१. महोदय, उपरोक्त कथा आपण छापून उपभोगलेली असून...' 'उपभोगलेली' हा शब्द बदला म्हणून मी हातापाया पडलो. त्यांनी बदलला नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ची वसुली इथे लागू होत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. १०१चा दाखला मिळाला असता तर मराठी साहित्याचं चित्र वेगळं दिसलं असतं, असं ते म्हणतात, आणि मला तरी ते खोटं वाटत नाही.

नानांच्या वहीतली सगळ्यात गाजलेली वसुली मागच्या हिवाळ्यातली. मुंबईच्या एका दिवाळी अंकाने माझी कथा छापून दोन वर्षं झाली होती, ठरलेले हजार रुपये आले नव्हते. फोन उचलला जात नव्हता. आणि आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेने त्याच संपादकांना बोलावलं. विषय, 'लेखक आणि समाजाचं ऋण'. नाना कार्यकारिणीवर होतेच; पाहुण्यांचं पाकीट भरणं त्यांनी त्या वर्षी आग्रहाने आपल्याकडे घेतलं. व्याख्यान उत्तम झालं. ऋणाबद्दल ते फार आतून बोलले. आभार झाले, नानांनी मंचावर जाऊन गुलाब दिला, पाकीट दिलं, पावतीवर महसूल तिकिटाची जागा दाखवली. पाकिटात रकमेबरोबर टंकलिखित हिशेब होता:

व्याख्यानाचे मानधन रु. ३,०००. प्रवासखर्च रु. ८००. एकूण रु. ३,८००. वजा, कथेचे थकीत मानधन वळते करून घेतले रु. १,०००. व्याज, एकरकमी परतफेड योजनेत माफ. निव्वळ देय रु. २,८००.

पाहुण्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. समोर दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्यांनी सही केली.

मी मागच्या रांगेतून पळण्याच्या बेतात होतो. पण जेवताना त्यांनीच मला बोलावून शेजारी बसवलं आणि विचारलं, "हे गृहस्थ कोण? आमच्या जाहिरातींची वसुली करतील का?" कळलं ते असं की मोठमोठ्या लोकांनी पानभर शुभेच्छा छापून घेऊन दोन-दोन वर्षं पैसे दिले नव्हते. नाना पानाच्या सुपारीपर्यंत त्यांच्याशी बोलत होते. जाताना त्यांनी यादी घेतली.

यंदा मे महिन्यात त्या संपादकांचं पत्र आलं. कथा हवी आहे, जूनअखेरपर्यंत. मानधन सोबतच, आगाऊ, थेट खात्यात. शेवटी एक ओळ: 'नानांना त्रास देऊ नये.'

मी ते पत्र मोठ्या दिमाखाने नानांना दाखवलं. त्यांनी वही उघडली, माझ्या नावाचं पान काढलं आणि एक रेघ मारून ते पान मागच्या भागात घातलं, जिथे संपादकांची खाती असतात.

"इकडे का?"

"आगाऊ उचल झाली, मास्तर. पैसे तुमच्याकडं. कथा येणे. आता तुम्ही कर्जदार."

एक जूनपासून सकाळी सहाला आमच्या दारात मोटरसायकल उभी राहते आहे. मी सांगितलं की सुचत नाही. त्यांनी लिहून घेतलं. मी सांगितलं की पुढच्या आठवड्यात नक्की. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. काल मी मागच्या दाराने फिरायला निघालो, तर ते मागच्या दारात होते. आज येऊन त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि बायकोपुढे छापील फॉर्म सरकवला.

"वहिनी, जामीनदार म्हणून इथं सही."

"आणि कथा नाहीच झाली तर?" तिने विचारलं. "जप्तीत काय नेणार?"

नानांनी सावकाश घरभर नजर फिरवली. पंखा, टीव्ही, माझी खुर्ची, शोकेस.

"ती सन्मानचिन्हं सोडून काहीही," नाना म्हणाले.